दिवस मावळायच्या आत

मी ब्राह्मीच्या हातावर चापट मारली तेव्हा बस इस्लामपूर सोडून चार-पाच किलोमीटर पुढे आली होती. चापट जोराची नव्हती, पण चार वर्षांच्या हाताला तेवढीही पुरते. मुठीतले फुटाणे उडाले. काही पुढच्या बाकाच्या पाठीवर आपटले, काही माझ्या मांडीवर पडले, उरलेले बसच्या पत्र्यावर घरंगळत मागे गेले. ड्रायव्हरने गतिरोधकाआधी ब्रेक दाबला तसे ते सगळे पुन्हा पुढे आले, आमच्या पायांपाशी थांबले आणि बस निघाल्यावर परत मागे निघाले. आवाज अगदी बारीक होता. इंजिनाच्या घरघरीत तो कुणाला ऐकू येण्यासारखा नव्हता. मला येत होता.

ब्राह्मी रडली नाही. ती आधी आपल्या रिकाम्या तळहाताकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली. मी तिला कधी मारलं नव्हतं. तिलाच काय, कुणालाच नाही. अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, पण छडी हातात धरली ती फळ्यावरची अक्षरं दाखवायला. पलीकडच्या बाकावरच्या बाईंनी ते फुटाणे दिले होते. त्या कागदाचा पुडा तसाच उघडा धरून बसल्या होत्या. मघापासून त्या फोनवर निरनिराळ्या लोकांना "मनुबाई बोलतीया, शिराळ्याची" असं सांगत होत्या, त्यामुळे अर्ध्या बसला त्यांचं नाव-गाव पाठ झालं होतं.

"आवं आजोबा," त्या म्हणाल्या, "इख हाय व्हय त्यात?"

"नाही हो. तसं काही नाही."

"मग? लेकरू भुकेजलंय म्हनून दिलं मी."

"चालत्या गाडीत तिनं खाऊ नये, म्हणून."

"चालत्या गाडीत न्हाई खायाचं तर मग खायाचं कवा? माजी चार पोरं एष्टीतच मोठी झाली. एकाचं तर बारसंबी ष्टँडातच व्हायचं ऱ्हायलं." मागे कुणीतरी हसलं. मनुबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मास्तर हायसा काय?"

"होतो."

"वाटलंच," त्या म्हणाल्या आणि पुडा मिटून पिशवीत टाकला.

कंडक्टरबाई मागून आल्या. "कुणी सांडलं हे? माझा पाय घसरला तर उरलेली तिकिटं तुम्ही फाडणार का?" असं म्हणत त्यांनी चपलेने दोन-चार फुटाणे बाकाखाली सारले. मी वाकून उरलेले गोळा करू लागलो. गुडघे आखडले होते, बस हलत होती, आणि एकेक दाणा बोटांच्या चिमटीत धरायला गेलो की निसटत होता. ब्राह्मी वरून मोजत होती. तिला मी वीसपर्यंत शिकवलं आहे. "आबा, पाच झाले. सहा. तो बघा तिकडे एक." सहा झाले तेव्हा मी उठून बसलो. पुढे मोजायला मला नको होतं.

मग ती हळूच म्हणाली, "आबा, मला खरंच भूक लागलीये. आता सूर्य जाईल."

दशलक्षणाचे दिवस चालू होते. सांगलीकडच्या आम्हा जैनांच्या घरी एरवी जे पाळतात ते पाळतात, जे नाही पाळत ते नाही, पण भाद्रपदातल्या या दहा दिवसांत दिवस मावळल्यावर चूल बंद असते. ब्राह्मीला हे कुणी सांगितलं नव्हतं. साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये आई-बापाचं बघून तिचं तिनंच ठरवलं आणि पहिल्या दिवशी संध्याकाळी सातला दुधाचा पेला पुढे केला तर ओठ गच्च मिटून घेतले. भरतेश, माझा मुलगा, हसला. स्वप्नाली, माझी सून, हसली नाही, आणि दुसऱ्या पहाटे पोरीला उपाशीपोटी पित्ताच्या उलट्या झाल्या. आज मी तिला चार दिवसांसाठी सांगलीला नेत होतो. गाडीत बसवताना स्वप्नालीने डबा माझ्या हातात दिला. "आबा, दशमी आहे, वाटीत दूध-साखर आहे. वाटेत कुठंतरी, दिवस मावळायच्या आत तेवढं खायला घाला. नाहीतर रात्रभर ओठ उघडायची नाही ही." आणि मग, आमच्या घरात जो विनोद झाला आहे तो तिने केला. "आबा शिकवतील हो, पण भरवतील का?"

ब्राह्मी जन्मल्यापासून मी तिला एक घासही भरवलेला नाही. तिला अक्षरं शिकवली, पाखरांची नावं शिकवली, वहीच्या कागदाचं विमान करायला शिकवलं. जेवायची वेळ झाली की मला पेपर आणायची आठवण येते. घरच्यांनी त्याला माझा स्वभाव ठरवलं आणि मी त्यांना तसं ठरवू दिलं.

आजही मी ठरवलं होतं की कऱ्हाडला उतरून बाकड्यावर बसून तिला खाऊ घालायचं. पण महामार्गाच्या कामामुळे गाडी आधीच तास-सव्वा तास उशिरा होती, आणि स्टँडवर एवढी गर्दी चढली की जागा सोडली असती तर गेली असती. हे कारण खरं होतं. इस्लामपूरला गाडी दहा मिनिटं थांबली, तेव्हा ब्राह्मी माझ्या दंडावर डोकं टाकून झोपली होती. तिला उठवायला हवं होतं. डबा माझ्या मांडीवरच होता. मी तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले, घड्याळ पाहिलं, आणि झोपू दे बिचारी, असं स्वतःशी म्हणालो. तेव्हा मला जे वाटलं ती सुटका होती. गाडी हलल्यावर ती जागी झाली. भूक लागली म्हणाली. मी म्हणालो, थांब, आता येईलच. काय येईल ते मला माहीत नव्हतं. मी खिडकीबाहेर सूर्य शोधत होतो तेवढ्यात मनुबाईंनी फुटाण्यांची ओंजळ पुढे केली.

सूर्य दिसत नव्हता. आभाळ भरलेलं नव्हतं, पण पश्चिमेला राखाडी ढगांची एक जाड पट्टी होती आणि तिच्यामागे उजेड. उसाची पाती त्या उजेडात पांढरी दिसत होती. सूर्य पट्टीच्या मागे आहे की पट्टीच्याही खाली गेला, हे सांगता येण्यासारखं नव्हतं. असा उजेड मी एकदा पाहिला आहे. त्या दिवशी पसरणी घाटात एका वळणावर सूर्य दिसे आणि दुसऱ्या वळणावर डोंगराआड जाई, मग पुन्हा वर येई. बसमधली पोरं प्रत्येक वेळी ओरडत, "आला, आला." आणि मी हातातल्या पिशवीची सुतळी सोडत होतो.

सुंदरीचं नाव मी गेल्या सदतीस वर्षांत मोठ्याने घेतलेलं नाही. नातीचं बारसं ठरलं तेव्हा स्वप्नाली म्हणाली होती, "आबा, ऋषभदेवांनी आपल्या लेकींपैकी ब्राह्मीला अक्षरं शिकवली आणि सुंदरीला अंक. तुम्ही मास्तर, तुम्हीच सांगा दोन्हीतलं कुठलं ठेवू." मी ब्राह्मी म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की ती म्हणाली, तुमचं आधीच ठरलेलं होतं वाटतं.

सुंदरी पहिलीच्या वर्गात होती. आष्ट्यातल्या एका शाळेत तेव्हा मी होतो, चौतीस वर्षांचा, आणि आपल्या हातून न शिकणारं पोर अजून जन्मायचं आहे अशी माझी समजूत होती. सुंदरीला मोजता येई, पण सातनंतर ती नऊ म्हणे. चिंचोके मांडून पाहिले, गोट्या मांडल्या, तिच्याच बोटांना आकडे देऊन पाहिले. सात, नऊ. मी विचारी, "आठ कुठं गेला गं?" आणि ती शांतपणे सांगे, "त्यो घरात हाय, गुरुजी. शाळंत येत न्हाई त्यो." वर्ग हसे. मीही हसे. पण घरी गेल्यावर मला तो आठ डाचत राही. कुठल्यातरी युक्तीने तो तिच्या तोंडून काढायचा, हे मी मनाशी धरून बसलो होतो. चांगल्या मास्तराची ती खूण आहे असं मला वाटायचं.

डिसेंबरात आमची सहल वाई-पाचगणीला गेली. एस.टी.ची एक गाडी ठरवली होती. पहाटे पोरांच्या आया गाडीपाशी जमल्या होत्या. सुंदरीची आई चंदनबाला, आम्ही तिला चंदनाक्का म्हणत असू, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. तिने हिरव्या काठाच्या पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी लेकीच्या पिशवीत घातली. "भाजलेलं दाणं नि गूळ हाय," ती मला म्हणाली. "दिवस मावळायच्या आत तेवढं खायाला घाला हिला, गुरुजी. खेळायच्या नादात ध्यान ऱ्हात न्हाई तिच्या." मी म्हणालो, "अक्का, माझ्याकडं लागलं." असंच म्हणालो. हे शब्द मी नंतर पुष्कळ वेळा ऐकले आहेत.

पाचगणीच्या पठारावर पोरं इतकी पळाली की त्यांना गोळा करता करता साडेपाच झाले. घाट उतरायला लागल्यावर मला चंदनाक्काला दिलेला शब्द आठवला. पोरांच्या पिशव्या गाडीच्या टपावर बांधलेल्या होत्या. गाडी थांबवून, टपावर चढून, सुंदरीची पिशवी काढता आली असती. नाथाजी सर सोबत होते, ते म्हणालेही, "थांबवू या का?" पण पाचगणीच्या बाजारात मी पोरांसाठी किलोभर फुटाणे घेतले होते, ते हाताशी होते. आणि मला एक युक्ती सुचली होती. मी उभा राहून म्हणालो, "चला, दिवस मावळायच्या आत कोण दहापर्यंत मोजत खातो? एक म्हणायचं, एक दाणा तोंडात. दोन म्हणायचं, दुसरा." सगळी गाडी मोजू लागली. सुंदरी माझ्या गुडघ्याला रेलून उभी होती. मी तिच्या तळहातावर दाणे ठेवत होतो. चावून गिळायला वेळ लागतो, आकड्यांना लागत नाही. तिचे गाल फुगले होते. सातवर ती थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी वर्गात करतो तसं केलं. भुवया उंचावल्या आणि तोंडाने नुसता 'आ'चा आकार केला. गाडी वळली. ती "आठ" म्हणाली.

मी टाळी वाजवली. शाब्बास म्हणालो. नाथाजी सरांना ओरडून सांगितलं, "ऐकलंत का, आठ आला." ती हसत होती. तिचा चेहरा लाल झाला होता, डोळ्यांत पाणी होतं, तोंड उघडं होतं, आणि मी टाळ्या वाजवत होतो. तिच्या हसण्याला आवाज नाही हे माझ्या लक्षात यायला किती वेळ गेला, ते मी आजवर मोजू शकलेलो नाही. माझ्या टाळ्या किती झाल्या ते मात्र मला सांगता येईल.

पुढचं पुष्कळ आहे आणि थोडं आहे. पाठीवर मारलेले गुद्दे, पाजलेलं पाणी, घशात घातलेलं बोट. वाईच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिला पाहिलं, मग मला, आणि हात धुवायला गेले. नाथाजी सर बाकीच्या पोरांना घेऊन गाडीत बसून राहिले. कुणीतरी टपावरून सुंदरीची पिशवी काढून माझ्याजवळ आणून दिली. पुरचुंडी तिच्यात तशीच होती. मी ती घेऊन दवाखान्याच्या मागे गेलो. गाठ पक्की होती, आयांची असते तशी. बोटांनी सुटेना म्हणून दातांनी सोडवली. दाणे आणि गूळ भिंतीच्या कडेला ओतला, फडकं झटकलं आणि घडी करून खिशात ठेवलं. आईला न उघडलेली पुरचुंडी बघायला लागू नये म्हणून मी असं केलं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. पण कुणी काही विचारण्याच्या आधीच मी ते केलं होतं, हेही खरं आहे.

चंदनाक्का दारात उभी होती. उजाडत होतं. तिच्यापर्यंत बातमी आमच्याआधी पोचली होती. ती रडत नव्हती. तिने मला विचारलं, "गुरुजी, दिवस मावळायच्या आत खाल्लं का तिनं?" मी हो म्हणालो. ती खात होती तेव्हा सूर्य डोंगराआड होता की क्षितिजाखाली, ते मला माहीत नाही. मग तिने विचारलं, "माज्या हातचं खाल्लं?" मी खिशातून फडकं काढून तिच्या हातात दिलं. "हो अक्का. सगळं खाल्लं." तिने फडकं नाकाशी धरलं. तिच्या चेहऱ्यावर एक क्षणभर जे आलं त्याला मी समाधानच म्हणेन, दुसरा शब्द माझ्याजवळ नाही. आणि लगेच, त्याच चेहऱ्यावर, दुसरं काहीतरी येताना मी पाहिलं. "म्हंजे माजंच दाणं अडकलं," ती म्हणाली. मी गप्प राहिलो.

मला कुणी दोष दिला नाही. चौकशीला आलेल्या साहेबांनी चहा घेतला, अपघात असं लिहिलं आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. महिन्याभराने तिसरीच्या वर्गात शेतातल्या पिकांचा धडा चालू होता. सुंदरीचा मोठा भाऊ आप्पासो आपणहून उभा राहून म्हणाला, "गुरुजी, आमच्या आईनं दाणं बंद केलं घरात. कालवणात कूटबी न्हाई. शेतात भुईमूगबी लावायचा न्हाई म्हनली." त्या वर्षअखेर मी बदली मागून जत तालुक्यात गेलो. नंतर सांगली. सांगली-सातारा गाडी आष्ट्यात शिरते तेव्हा मला नेहमी चष्मा पुसायचा असतो.

"आबा, हे बघा, इथं लिहिलंय आ, ष्‌, ट, आ," ब्राह्मी खिडकीबाहेरच्या पाटीकडे बोट दाखवत होती. "आष्टा. बरोबर?"

"बरोबर."

"मग शाब्बास म्हणा ना."

हा शब्द मी वापरत नाही. वर्गात इतकी वर्षं काढली, पण त्याजागी मी 'छान' म्हणत आलो. तिला तो कुठून मिळाला कोण जाणे. मनुबाई पुन्हा आमच्याकडे वळल्या होत्या. त्यांचा राग पुड्याबरोबर पिशवीत गेला होता. "काय पाळणूक हाय का पोरीची? जैन हायसा व्हय? मग आदी न्हाई का सांगायचं, मास्तर." त्यांनी फोन काढून डोळ्यांपासून लांब धरला. "ह्यात बगा, सहा सदतीसला मावळतोय म्हनं. आता सहा बावीस झाल्यात. सांगलीपातूर काय न्हाई जमायचं तुमास्नी. घाला की तिच्या तोंडात कायतरी. म्या धरू का डबा?"

त्या डबा धरायला तयार होत्या. दशमी मऊ होती, दुधात बुडवली तर आणखी मऊ झाली असती. शेकडो आया शेकडो बसमध्ये हेच करत असतील, आताही, याच रस्त्यावर. मी डब्याचं झाकण उघडलं. एक तुकडा मोडला. बस वळली, ब्राह्मीने तोंड उघडलं, आ केला, आणि माझा हात तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर राहिला. तिथून तो पुढे जाईना. मागेही येईना.

"आबा?"

मी झाकण लावलं. "कंडक्टरबाई, आष्ट्याला उतरायचंय."

"तिकीट सांगलीचं आहे तुमचं."

"असू दे."

मनुबाईंनी पिशवी खाली द्यायला मदत केली. गाडी निघाली तेव्हा खिडकीतून म्हणाल्या, "पोरीला मारू नगा हं आता."

स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकड्यावर मी तिला बसवलं. जमीन हलत नव्हती, म्हणजे आता काही कारण उरलं नव्हतं. मी दशमीचे तुकडे केले, तुकड्यांचे तुकडे केले, ते इतके बारीक झाले की बोटांना चिकटायला लागले. "आबा, हे मुंग्यांचं जेवण आहे," ब्राह्मी म्हणाली. "मी खाऊ का माझी मी?" आणि तिने हात पुढे केला तेव्हा मी डबा मागे घेतला. माझ्यादेखत तिने खाणंही मला नको होतं. तिच्या डोळ्यांत आता पाणी आलं होतं. सहा सव्वीस. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणीही चाललं असतं, कुठलीही बाई, एखादी शाळकरी मुलगीसुद्धा. पण मी तिला कडेवर घेतलं आणि स्टँडच्या मागच्या बोळात शिरलो. आमच्याकडे जैन मंदिराला बस्ती म्हणतात. त्या बस्तीच्या कडेने जाणारी वाट माझ्या पायांना अजून माहीत होती. सत्तरी उलटलेल्या माणसाने चार वर्षांचं पोर घेऊन पळू नये. मी पळत होतो.

घर बदललं होतं. कौलं जाऊन स्लॅब आला होता, दार निळं होतं. ओट्यावर एक म्हातारी भांडी घासून पालथी घालत होती. तिची उठायची ढब बदलली नव्हती.

"कोन?"

"जिनदत्त."

"कुटला जिनदत्त?"

"शाळेतला."

तिने हात पुसले. बराच वेळ बघितलं. "गुरुजी," ती म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, नुसतं नाव घेतलं होतं. मग तिची नजर ब्राह्मीवर गेली. "नात?"

"हो. अक्का, भूक लागलीय तिला. मावळल्यावर खात नाही. माझ्या हातून होईना." मला धाप लागली होती.

चंदनाक्काने पश्चिमेकडे पाहिलं. ढगांच्या पट्टीखाली एक फट होती आणि तिच्यात लालसर उजेड होता. "हाय अजून," ती म्हणाली. तिने ब्राह्मीला माझ्या कडेवरून घेतलं, ओट्यावर मांडी घालून बसली, तिला मांडीवर घेतलं आणि डबा उघडला. कोपऱ्यात स्वप्नालीने कागदात बांधलेली चटणी होती. चंदनाक्काने ती हुंगली आणि दूर सरकवली. "दाण्याची हाय ही. आमच्यात दाणं आणत न्हाईत, बाळ," ती ब्राह्मीला म्हणाली, घरी आलेल्या मोठ्या माणसाला सांगावं तशी. "तू आपली दुधात खा."

ब्राह्मीने पहिला घास घेतला आणि तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "एक."

मी ओट्याच्या खांबाला धरलं.

"खाताना बोलायचं न्हाई," चंदनाक्का म्हणाली. "गिळ आदी. गिळलंस? आता बोल."

"एक."

दुसरा घास. ब्राह्मी चावत राहिली, चंदनाक्का तिच्या घशाकडे बघत राहिली, घास खाली उतरताना दिसला तेव्हा मान हलवली. "दोन." तीन. चार. प्रत्येक आकड्याआधी एवढा वेळ जाऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं. आठ रिकाम्या तोंडाने आला, साधा, कोरा, वर्गातल्या कुठल्याही पोराचा येतो तसा. मग नऊ आला. दहा आला. वाटी संपली. बस्तीत घंटा झाली. फटीतला उजेड गेला होता. चंदनाक्काने डबा बंद केला, ब्राह्मीला पाणी दिलं आणि तिचं तोंड पदराने पुसू लागली.

तेव्हा मी बोललो. सदतीस वर्षांत मी हे पुष्कळ तऱ्हांनी जुळवलं होतं, त्यातलं काहीच आठवलं नाही. "अक्का, सुंदरीनं तुमचे दाणे खाल्ले नव्हते. गाठ तशीच होती. फुटाणे मी दिले होते. मोजत खायला मीच सांगितलं. तुमचे दाणे मी वाईला ओतले, दवाखान्याच्या मागं."

पदर थांबला. बोळातून एक मोटरसायकल गेली. ब्राह्मी आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती.

"गूळबी हुता त्यात," चंदनाक्का म्हणाली.

"हो. गूळपण."

तिने मान हलवली. कितीतरी वेळ ती हलवत राहिली, अगदी थोडी थोडी. मी शिव्यांची वाट पाहत होतो. तिने मला दारातून हाकलावं, आप्पासोला हाक मारावी, ओरडावं, रडावं, यातल्या प्रत्येकाची मी तयारी केलेली होती. तिच्या डोक्यावरचं एक ओझं आज उतरवतो आहे, असंही मला बसमधून उतरताना कुठेतरी वाटलं असेल.

"म्हंजे," ती म्हणाली, "माज्या हातचं न्हाईच खाल्लं तिनं."

याचं उत्तर मी एकदा दिलं होतं.

तिने हात वर करून बटण दाबलं. ओट्यावरचा बल्ब लागला. ब्राह्मीची हनुवटी तिने दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवली. "आ कर बाळ," ती म्हणाली. ब्राह्मीने तोंड उघडलं. चंदनाक्काने बोट घालून एक गाल तपासला, मग दुसरा, मग जिभेखाली. कुठे काही राहिलेलं नव्हतं. मला खालूनही दिसत होतं, आत काही नव्हतं. तरी तिने हनुवटी सोडली नाही. ती आत बघत राहिली, आणि ब्राह्मी शहाण्यासारखी तोंड उघडं ठेवून बसून राहिली.